मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला काय यावे लागते?

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की व्यापारी कुटुंबातील चर्चा ठरावीक वाटांनीच जाते. सी.ए., अभियांत्रिकी, वैद्यकी, नाहीतर दुकानाची गादी. या चर्चेत मानवशास्त्राचे नाव सहसा निघत नाही. एखाद्या मुलीने ते घेतलेच, तर पहिला प्रश्न येतो, “ते शिकून पुढे काय?” हा प्रश्न अयोग्य नाही. ज्या घरात पै-पैचा हिशेब ठेवला जातो, त्या घराने शिक्षणाचाही हिशेब मागितला तर त्यात वावगे काही नाही. परंतु त्याच्या आधी विचारण्याजोगा दुसरा एक प्रश्न आहे. या शास्त्राला विद्यार्थ्याकडून काय हवे असते? ते त्याच्यापाशी नसेल, तर पुढे काय या प्रश्नाला अर्थच उरत नाही.

मानवशास्त्र अथवा मानववंशशास्त्र म्हणजे केवळ डोंगरदऱ्यांतील आदिवासींचा अभ्यास, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. माणसाचे शरीर व त्याची उत्क्रांती, जमिनीखाली सापडणारे त्याचे जुने अवशेष, त्याची भाषा आणि त्याची समाजरचना व चालीरीती अशी या शास्त्राची चार मोठी दालने आहेत. मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये सुरू झाला. पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, कोलकाता विद्यापीठाने मानवशास्त्राचे अध्यापन सुरू केले. म्हणजे भारतातही या विद्येचे शतक उलटून गेले आहे. एकाच विद्यार्थ्याने हाडेही मोजावीत आणि लग्नातील गाणीही उतरवून घ्यावीत, अशी अपेक्षा असणारी दुसरी विद्या क्वचितच असेल.

महाराष्ट्रात या विषयाचा विचार करताना एका व्यक्तीपासून प्रारंभ करणे क्रमप्राप्त आहे. ती व्यक्ती म्हणजे डॉ. इरावती कर्वे. ‘युगान्त’ या त्यांच्या ग्रंथाला १९६८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्यामुळे महाभारतावर लिहिणाऱ्या लेखिका म्हणून त्या घराघरांत परिचित आहेत. मात्र त्यांचे आयुष्यभराचे काम मानवशास्त्राचे होते. जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशात, आणि नावही तेथील इरावती नदीवरून ठेवलेले. शालेय शिक्षण पुण्यात हुजूरपागेत, फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानात पदवी आणि मुंबईला प्रा. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्रात एम.ए. त्यानंतर १९२८ मध्ये त्या पुढील संशोधनासाठी बर्लिनला गेल्या. स्त्रीशिक्षणासाठी अवघे आयुष्य वेचलेले महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे सासरे. सुनेने परदेशी जाऊन शिकावे, हे मात्र त्यांनाही पसंत नव्हते. पती दिनकर कर्वे पाठीशी उभे राहिले, डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून पैसे कर्जाऊ मिळाले, आणि प्रवास घडला. येथे बसलेल्या ज्या मुलींना घरून नकार मिळतो, त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. तो नकार केवळ अशिक्षितांच्याच घरी मिळतो असे नाही.

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाची मांडणी करणारे त्या काळचे मोठे प्रस्थ. पुढे नाझी राजवटीने अशाच विचारांचा आधार घेऊन जे केले ते जगाला ठाऊक आहे. युरोपीय गोऱ्या माणसाच्या कवटीच्या दोन बाजू विशिष्ट प्रकारे असमान असतात आणि त्याचा संबंध त्याच्या वरचढ बुद्धीशी आहे, असा फिशर यांचा कयास होता. तो तपासण्याचे काम या तरुण भारतीय विद्यार्थिनीकडे आले. तिने निरनिराळ्या वंशांच्या सुमारे दीडशे कवट्या बारकाईने मोजल्या. असमानता सर्वत्र आढळली, परंतु वंशाशी तिचा काही संबंध दिसला नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, गुरूच्या हाती पदवी असताना तिने प्रबंधात जे मोजले तेच लिहिले. पदवी १९३० मध्ये मिळाली. श्रेणी मात्र अगदी खालची मिळाली.

मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला काय यावे लागते, याचे अर्धे उत्तर या एका प्रबंधात आहे. मोजमाप घेण्याचा हात कोणालाही शिकवता येतो. कॅलिपर कसा धरावा, कवटीवरील कोणते बिंदू घ्यावेत, एकच माप पुन्हा घेऊन कसे पडताळावे, ही सवयीची बाब आहे. मोजलेला आकडा आवडत नसला तरी तोच वहीत उतरवण्याची वृत्ती मात्र कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात छापलेली नसते, आणि तिच्यावाचून हे शास्त्र उभेच राहत नाही.

परत आल्यावर १९३९ पासून इरावतीबाईंनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये काम केले. त्या कामाचा पसारा पाहिला म्हणजे या विषयाला किती प्रकारच्या आवडी लागतात, ते समजते. त्यांनी महाराष्ट्रात गावोगाव हिंडून लोकांची शरीरमापे घेतली. डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या समवेत गुजरातेतील लांघणज येथे प्राचीन मानवाच्या सांगाड्यांच्या शोधमोहिमेत भाग घेतला. पंढरीच्या वारीत पायी चालल्या; एकाच विठ्ठलाचे नाव घेत एकाच वाटेने जाणारी माणसे जेवायला मात्र जातवार वेगळी बसतात, हे त्यांनी पाहिले आणि अस्वस्थ होऊन लिहिले. कोयना धरणामुळे गाव सोडावे लागलेल्या लोकांची पाहणी केली. तो अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. हेमलता आचार्य यांच्यासह आठवडे बाजारांचा अभ्यास केला. हा शेवटचा विषय व्यापाऱ्यांच्या सभेत विशेष सांगण्यासारखा आहे. बाजारात माल विकला जातो हे सर्वांनाच दिसते. त्याच बाजारात सोयरिकी जुळतात, भांडणे मिटतात, निरोप पोहोचतात, डोंगरावरचा माणूस आणि शहरातला माणूस यांची गाठ पडते, हे दिसण्यासाठी माल न विकता दिवसभर तेथे उभे राहावे लागते.

त्यांचा १९५३ चा ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ तर नात्यांच्या शब्दांतून उभा राहिला आहे. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघींना इंग्रजी भाषा एकाच शब्दात बसवते. मराठीला ते चालत नाही. कारण मामाच्या घराशी असलेला व्यवहार आणि काकाच्या घराशी असलेला व्यवहार येथे वेगळा असतो. उत्तरेत एकाच गावात मुलगी देणे टाळतात, दक्षिणेत अनेक समाजांत मामाशी अथवा मामाच्या मुलाशी विवाह होतो, आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात असल्याने येथे दोन्हीकडच्या रीतींची सरमिसळ दिसते. भारताच्या अनेक भाषांतील नात्यांचे शब्द गोळा करून त्यांनी हे चित्र मांडले. तात्पर्य, ज्याला भाषा शिकण्याचा कंटाळा आहे त्याने या वाटेला जाऊ नये. आणि ज्याच्या घरी आजी राजस्थानी अथवा गुजराती बोलते, शेजारी कानडी बोलतात, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी चालते, त्याला एक शिदोरी आपोआपच मिळालेली आहे.

आता आकड्यांविषयी. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचा असा ग्रह असतो की हा कलाशाखेचा विषय, यात गणिताशी गाठ नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदी-उंचीचे प्रमाण मोजून असे प्रतिपादन केले होते की जात जितकी उच्च तितके नाक अरुंद. सरकारी शिक्का असलेले हे विधान बराच काळ चालले. प्रा. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात तीच मोजमापे पुन्हा तपासली, आणि ते विधान सगळ्या देशाला लागू पडत नसल्याचे दाखवले. आकड्याला आकड्यानेच उत्तर द्यावे लागते. भारतीय संख्याशास्त्राचे आद्य प्रवर्तक प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे प्रसिद्ध ‘डी-स्क्वेअर’ हे माप मुळात माणसांच्या शरीरमापांची तुलना करताना जन्माला आले. आणि जगद्विख्यात संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव १९४६ मध्ये केंब्रिजला गेले ते सुदानमधील जेबेल मोया येथे उत्खननात मिळालेल्या प्राचीन सांगाड्यांच्या मोजमापांचे विश्लेषण करण्यासाठी, तेथील मानवशास्त्राच्या संग्रहालयात. सरासरी, विचलन आणि नमुना निवड या गोष्टी ज्याने बी.कॉम.ला मनापासून केल्या, त्याचे ते श्रम येथे वाया जात नाहीत.

यानंतर वहीची गोष्ट. या विषयातील विद्यार्थ्याला महिनोन्महिने, पुष्कळदा वर्षभर, अभ्यासाच्या लोकांमध्ये राहावे लागते. त्याला सहभागी निरीक्षण म्हणतात. या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्हस्की यांचे नाव अग्रभागी आहे. हे पोलिश गृहस्थ पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ ते १९१८ च्या दरम्यान, न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर दोन वेळा जाऊन राहिले. गावातच तंबू ठोकला, लोकांची भाषा शिकले, आणि रोज जे दिसले ते टिपत गेले. कोण कोणाच्या घरी गेले, काय शिजले, कशावरून वाद झाला, अशा ज्या गोष्टी कोणी विचारल्यावर सांगत नाही, त्या त्यांच्या मते सर्वांत मोलाच्या होत्या.

जुन्या पेढीवर किर्द त्याच दिवशी लिहिली जाई. उद्या लिहू असे म्हटले की एखादी नोंद निसटलीच. खतावणी नंतर, सवडीने. क्षेत्रात काम करणाऱ्या संशोधकाचेही अगदी असेच असते. दिवसाची नोंद दिवसाच, आणि निष्कर्षांची मांडणी पुढे. जो विद्यार्थी किर्दीच्या आधीच खतावणी लिहू लागतो, म्हणजे गावात पाऊल ठेवण्यापूर्वीच ज्याचा निष्कर्ष तयार असतो, त्याला लोक जे सांगतात ते ऐकूच येत नाही.

वहीचे मोल किती, हे प्रा. म. न. श्रीनिवास यांच्या बाबतीत घडलेल्या घटनेवरून ध्यानात येईल. १९४८ मध्ये ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले. ग्रंथात त्यांनी त्याला रामपुरा असे नाव दिले आहे. त्या काळातील टिपणांवर त्यांनी पुढे अनेक वर्षे संस्कार केले, त्यांच्या प्रती तयार केल्या. एप्रिल १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील संशोधन केंद्राला समाजकंटकांनी आग लावली आणि त्या टिपणांच्या तिन्ही संस्कारित प्रती जळाल्या. बावीस वर्षांची पुंजी गेली. त्यानंतर त्यांनी स्मरणाच्या आधारे जे लिहिले तो १९७६ चा ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ हा ग्रंथ आज या विषयातील उत्तम ग्रंथांत गणला जातो. स्मरणातून लिहिता आले, कारण ते त्या गावात खरोखर राहिले होते. केवळ प्रश्नावली भरून घेऊन परतलेल्या माणसाला हे शक्य झाले नसते.

व्यापारी घरातील मुलांना या विद्येसाठी लागणारे काही गुण घरातूनच मिळतात हे खरे. अनोळखी माणसाशी बोलणे, त्याच्या कलाने घेणे, नाते आणि ओळख कोठून निघते ते शोधणे, लिहून ठेवणे. परंतु एक सवय आड येते, तीही स्पष्ट सांगितली पाहिजे. ती सवय म्हणजे समोरच्या गोष्टीची तत्काळ किंमत ठरवणे. दुकानात तो गुण आहे. क्षेत्राभ्यासात तो मोठा दोष ठरतो.

ट्रोब्रियंडच्याच लोकांचे उदाहरण पाहावे. तेथील लोक होड्यांतून समुद्र ओलांडून दूरच्या बेटांवर जात आणि शिंपल्यांचे हार व कंकणे यांची देवघेव करीत. हार एका दिशेने फिरत, कंकणे उलट दिशेने. मिळालेली वस्तू कोणी कायमची ठेवत नसे. काही काळ बाळगून पुढे द्यायची. जीव धोक्यात घालून आणायचे ते, ज्याचा रोजच्या जीवनात उपयोग नाही असे शिंपले. एखादा व्यापारी चटकन म्हणेल, हा तोट्याचा धंदा. पण त्याच लोकांकडे घासाघीस करून होणारी साधी अदलाबदलही होती आणि तिला निराळे नाव होते. मानाच्या देवघेवीत कोणी घासाघीस केली, तर त्याला हिणवले जाई. म्हणजे नफा-तोटा त्यांना समजत नव्हता असे नाही. कोठे तो पाहायचा आणि कोठे नाही, याचे त्यांचे नियम काटेकोर होते. लग्नात आहेराची यादी ठेवणाऱ्या आणि तरीही आहेराला व्यवहार म्हटले तर रागावणाऱ्या कोणत्याही घराला हे समजण्यास अवघड जाऊ नये.

आता त्या प्रश्नाकडे, जो पालक मोठ्याने विचारत नाहीत पण ज्याच्यामुळे परवानगी अडते. मुलगा अथवा मुलगी परक्या वस्तीत राहणार, तर खाणार काय? सूर्यास्तानंतर जेवायचे नाही, कंदमुळे वर्ज्य, आणि अभ्यास करायचा तो कदाचित कोळ्यांच्या, खाटकांच्या अथवा शिकारीवर गुजराण करणाऱ्या जमातीचा. हा प्रश्न लहान नाही. विद्यापीठाने त्याचे उत्तर द्यावे अशी अपेक्षाही करू नये.

याचे दोन भाग करणे उचित होईल. पहिला भाग स्वतःच्या आहाराचा. भारतातील खेड्यापाड्यांत व्रत, नेम, उपवास या गोष्टी लोकांना परक्या नाहीत. “माझा नेम आहे” असे नम्रपणे सांगितले, तर यजमान बहुधा मान राखतो; किंबहुना तो नेमाविषयी चार प्रश्न विचारतो आणि तेथूनच संभाषणाला प्रारंभ होतो. वाटीभर दूध, भाकरी, मूठभर शेंगदाणे यांवर दिवस काढण्याची तयारी मात्र हवी. दुसरा भाग अधिक कठीण आहे, आणि तो मनाचा आहे. यजमानाच्या चुलीवर जे शिजते आहे त्याचा वास आला तरी चेहऱ्यावर किळस उमटता कामा नये. मासळी कशी साफ करतात, कोणत्या हंगामात कोणती मिळते, जाळे कोण विणते, बाजारात ती कोण नेते, हे सारे त्याच आस्थेने विचारता आले पाहिजे, ज्या आस्थेने मंदिराच्या जीर्णोद्धाराची माहिती विचारली जाते. ज्याला हे जमणार नाही, त्याने सामाजिक मानवशास्त्र घेऊ नये. त्याने पुरातत्त्व अथवा भाषा ही शाखा पाहावी. यात कमीपणा काही नाही. मात्र तो निर्णय प्रवेशापूर्वी व्हावा, वस्तीत पोहोचल्यावर नव्हे. अनेकांतवाद घरोघरी सांगितला जातो. कोळ्याच्या अंगणात बसून त्याच्या बाजूने जग पाहताना तो किती अंगी उतरला आहे ते कळते.

येथे आणखी एक बाजू आहे, जिचा विचार अभावानेच होतो. जैन समाज हाही मानवशास्त्राच्या अभ्यासाचा विषय झालेला आहे. कोल्हापूरचे डॉ. विलास संगवे यांचा ‘जैना कम्युनिटी : अ सोशल सर्व्हे’ हा ग्रंथ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. समाजातील पोटजाती, विवाहपद्धती, चालीरीती आणि लोकसंख्या यांची त्यात साधार मांडणी आहे, आणि मांडणारा स्वतः जैन आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील जैनांची संख्या सुमारे १४ लाख नोंदली गेली. जनगणना एवढेच सांगते. या १४ लाखांत कोणाची सोयरिक कोणाशी होते आणि कोणाशी होत नाही, हे तिच्या तक्त्यात नसते. ते विचारायला संगव्यांसारखा माणूस लागतो, आणि आपल्याच समाजात ते विचारणे परक्या वस्तीत विचारण्यापेक्षा कधी कधी जड जाते.

परदेशी अभ्यासकही आले. मायकेल कॅरिदर्स यांनी कोल्हापूर परिसरातील दिगंबर समाजाचा व मुनिपरंपरेचा अभ्यास केला. जेम्स लेडलॉ यांनी जयपूरच्या जवाहिऱ्यांमध्ये राहून असा प्रश्न घेतला की, जो समाज संपत्ती मिळवण्यात पुढे आहे तोच त्यागाला सर्वोच्च कसा मानतो. १९९५ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. व्हिटनी केल्टिंग या अमेरिकन विदुषींनी पुण्यातील श्राविकांच्या मंडळांत बसून स्तवने शिकली आणि गायली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ या गायनावरच आहे. शास्त्रग्रंथ पुरुषांच्या हाती असताना धर्माचे केवढे तरी ज्ञान स्त्रियांच्या कंठात असते, ही गोष्ट त्यांनी नोंदवली. ज्या मंडळांतील गाणी शेजारच्या खोलीतील पुरुषांनी वर्षानुवर्षे केवळ कानावरून जाऊ दिली, ती लिहून घेण्यासाठी कोणी सातासमुद्रापलीकडून यावे, याचा थोडा विचार व्हावा.

विषयांना तोटा नाही. कापडाचेच घेतले तरी पुष्कळ काम झालेले आहे. एमा टार्लो यांनी गुजरातेतील एका खेड्यात राहून कोण काय नेसतो व का नेसतो याचा शोध घेतला. त्यांचा ग्रंथ १९९६ चा. लुसी नॉरिस यांनी तर जुन्या कपड्यांचा माग काढला. मराठी घरात बोहारीण भांड्यावर जुने कपडे नेते, तसाच व्यवहार दिल्लीत चालतो. तेथून ते कपडे कोठे जातात, कोणत्या बाजारात निवडले जातात, आणि परदेशांतून येणारे जुने लोकरी कपडे पानिपतच्या गिरण्यांत पिंजून त्यांची पुन्हा सूत-घोंगडी कशी होतात, हे सारे त्यांनी पाहिले. साडी दुकानातून बाहेर पडली की व्यापाऱ्याच्या लेखी तिची कथा संपते. अभ्यासकाच्या लेखी ती तेथे सुरू होते.

एक बंधन मात्र कडक आहे. लोक विश्वासाने जे सांगतात ते बाहेर कसे न्यावे, याचे नियम आता विद्यापीठे काटेकोरपणे पाळतात. संमती घ्यावी लागते, नावे बदलावी लागतात, रक्ताचे नमुने अथवा शरीरमापे घ्यायची तर समितीची मान्यता लागते. ज्याच्या पोटात गोष्ट राहत नाही, त्याला हे शास्त्र झेपणार नाही.

“पुढे काय?” या प्रश्नाचेही थोडक्यात उत्तर देणे आवश्यक आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेचे मुख्यालय कोलकात्यास असून नागपूरला तिचे केंद्र आहे. याच संस्थेने १९८५ मध्ये हाती घेतलेल्या ‘पीपल ऑफ इंडिया’ प्रकल्पात देशातील ४,६३५ समाजांची नोंद झाली. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, संग्रहालये, आरोग्यविषयक प्रकल्प, विद्यापीठातील अध्यापन या वाटा आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला अनेक उमेदवार हा वैकल्पिक विषय घेतात. लोक वस्तू प्रत्यक्षात कशी वापरतात हे पाहण्यासाठी मोठ्या कंपन्याही मानवशास्त्रज्ञ नेमतात. इंटेल कंपनीने १९९८ मध्ये जेनेव्हीव्ह बेल यांना याच कामासाठी घेतले होते. तथापि, सी.ए. झालेल्या भावाइतके उत्पन्न लवकर मिळेल अशी आशा दाखवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. दिल्ली व कोलकाता येथे पदवी स्तरापासून शिकता येते. प्रवेशाच्या अटी संस्थेगणिक भिन्न आहेत, काही ठिकाणी विज्ञान शाखेचे विषय लागतात, म्हणून त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहावे.

ज्यांना स्वतःची परीक्षा आधीच घ्यायची असेल त्यांच्यासाठी एक काम सुचवावेसे वाटते, आणि त्याला शुल्क नाही. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी वंशावळीची पद्धत रूढ केली. त्यांनीच पुढे निलगिरीतील तोडा जमातीचा अभ्यास केला. तीच पद्धत येत्या सुट्टीत घरी वापरावी. एका मोठ्या कागदावर आपल्या कुटुंबाच्या चार पिढ्या मांडाव्यात. प्रत्येकाचे नाव, गाव, व्यवसाय, विवाह कोणत्या गावी, आणि एकमेकांना हाक मारण्याचा शब्द. पुरुषांच्या बाजूची नावे तासाभरात भरून होतात. घरात सून म्हणून आलेल्या स्त्रियांच्या माहेरची बाजू बहुतेकांच्या कागदावर दुसऱ्याच पिढीत कोरी राहते. तो कोरा भाग भरण्यासाठी आजीजवळ बसावे, वही मिटून ठेवावी, आणि ती सांगेल ते सर्व ऐकून झाल्यावर त्याच रात्री लिहून काढावे.